जुना ब्लूग्रास बँजो घेण्याआधी: मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला राहतो आणि ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारात वाजतो तो पाच तारांचा बँजो वाजवतो. आपल्या भागात हे वाद्य वाजवणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आहेत. त्यामुळे नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगर, परभणी कुठूनही कुणाला जुना बँजो दिसला, की फोन येतो, "दादा, घेऊ का?" फोनवर घाईत दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे. माझं मुख्य म्हणणं एकच आहे. आपल्या जवळपास बँजो दुरुस्त करणारा कारागीर नाही. म्हणून नावापेक्षा आणि नक्षीपेक्षा वाद्याचा सांगाडा बघा, आणि घरच्या घरी ज्याची निगा राखता येईल असंच वाद्य घ्या. खालची बहुतेक उत्तरं याच विचारातून आलेली आहेत.

बँजो म्हणजे आपल्या वरातीतल्या बेंजो पार्टीचा बेंजो का?

नाही, आणि गैरसमज इथूनच सुरू होतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो, तो बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं असलेली, आडवी ठेवून वाजवायची पेटी. १९१२ साली जपानमधल्या नागोया इथं मोरिता गोरो यांनी तैशोगोतो नावाचं वाद्य केलं. बुलबुल तरंग त्याचाच भारतीय भाऊ. त्याला पिकअप लावला, मोठे स्पीकर जोडले, की गणपतीच्या मिरवणुकीत तो गल्ली दणाणून सोडतो.

ब्लूग्रासचा बँजो वेगळा. गोल कड्यावर ताणलेली पुडी, त्यावर उभी घोडी, घोडीवरून गेलेल्या तारा आणि लांब दांडी. गोंधळ्याचं तुणतुणं आठवा. तिथं तार छेडली की खालचं कातडं बोलतं. बँजोचं तत्त्वही तेच आहे, फक्त तारा पाच आणि पुडी तारांच्या खाली. या वाद्याची मुळं पश्चिम आफ्रिकेत आहेत. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी भोपळ्याची, कातडं मढवलेली वाद्यं तिथं पुन्हा बनवली. अंगठ्याने वाजवायची आखूड तारही त्यांचीच देणगी आहे. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचं अकोंटिंग आजही पाहिलं की हे नातं लगेच कळतं.

म्हणून ऑनलाइन शोधताना 'बँजो' एवढंच टाकू नका, अर्ध्याहून अधिक जाहिराती बुलबुल तरंगच्या निघतात. 'पाच तारांचा बँजो, रेझोनेटरसह' असा शोध घ्या.

ब्लूग्राससाठी नेमका कोणता बँजो लागतो?

पाच तारांचा आणि मागे रेझोनेटर असलेला. रेझोनेटर म्हणजे पाठीमागचं लाकडी ताट. मागे जाणारा आवाज ते पुढे फेकतं. फिडल आणि मँडोलिनच्या गर्दीत बँजो ऐकू यायला तेच कारण आहे. मागून उघडा असलेला बँजो हलका आणि मऊ बोलतो. तोही सुंदरच, पण त्याची वाजवण्याची परंपरा वेगळी.

चार तारांचे टेनर आणि प्लेक्ट्रम बँजो जुन्या बाजारात पुष्कळ दिसतात, स्वस्तही असतात. ते जॅझचे. पाचवी तार नसेल तर ब्लूग्रासचा हात त्यावर बसत नाही. फोटो नीट पाहा. दांडीच्या बाजूला, पाचव्या पडद्याजवळ, एक एकटी खुंटी बाहेर आलेली दिसली पाहिजे.

हा हात बसवला तो अमेरिकी बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी. १९४५ च्या डिसेंबरात ते बिल मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइज या वाद्यवृंदात आले. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी धबधब्यासारखे स्वर काढण्याची त्यांची पद्धत पुढे या संगीताची ओळख झाली. गिब्सन कंपनीचा त्यांचा प्रसिद्ध ग्रॅनाडा बँजोसुद्धा त्यांच्याकडे जुनाच आला होता. आधी तो बँजोवादक स्नफी जेन्किन्स यांच्याकडे होता, मग दुसरे वादक डॉन रेनो यांच्याकडे गेला आणि रेनो यांच्याशी अदलाबदल करून स्क्रग्ज यांनी तो घेतला. जुनं वाद्य घेण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना मी आधी ही गोष्ट सांगतो.

नवा घ्यावा की जुना?

बजेट बेताचं असेल तर जुना. तेवढ्याच पैशांत वरच्या दर्जाचं वाद्य हाती येतं. बँजो हा बराचसा यंत्रासारखा असतो. हूक, नट, पुडी, घोडी, तारा, शेपूट (तारांची खालची टोकं जिथं अडकतात तो भाग) असे बहुतेक भाग सुटे होतात आणि बदलता येतात. गिटारची पाटी फाटली तर मोठं काम निघतं, बँजोची पुडी फाटली तर नवी चढवायची.

मात्र ठरवलेली सगळी रक्कम वाद्यावर घालू नका. पाचवा हिस्सा तरी पुडी, तारा, घोडी, वाद्य ठेवायची चांगली पेटी आणि गरज पडली तर पुण्या-मुंबईच्या एका फेरीसाठी बाजूला ठेवा.

आपल्या भागात मिळतो का? शोधायचा कुठे?

मराठवाड्यातल्या वाद्यांच्या दुकानांत तबला, पेटी, पखवाज, ढोलकी, गिटार मिळते. पाच तारांचा बँजो मला इथल्या एकाही दुकानात दिसलेला नाही. पुणे, मुंबई, बंगळूर इथले वादक वाद्य बदलतात तेव्हा जुने बँजो बाहेर येतात. परदेशातून परत आलेल्या कुटुंबांकडेही कधी कधी पडून असतात. गिटार शिकवणाऱ्या शिक्षकांना सांगून ठेवा. जाहिरातीच्या आधी बातमी त्यांच्याकडे येते.

धीर धरा. मला मनासारखा मिळायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत जे शिकलो त्यामुळेच दुसरी खरेदी फसली नाही. पहिली फसली होती, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पॉट, पॉट म्हणतात ते काय? आणि त्याला एवढं महत्त्व का?

दांडी सोडून जो गोल भाग उरतो, तो पॉट. बँजोचा आवाज तिथं घडतो, म्हणून या उत्तराला थोडा वेळ द्या.

आतलं लाकडी कडं म्हणजे रिम. चांगल्या ब्लूग्रास बँजोत ते मेपलचे तीन थर वाफेवर वाकवून, चिकटवून केलेलं असतं. पुडीचा व्यास साधारण ११ इंच. रिमच्या वरच्या काठावर धातूची टोन रिंग बसते आणि तिच्यावरून पुडी ताणली जाते. उत्तम टोन रिंग घंटेच्या काशाची ओतीव असते आणि एकटीच सव्वा किलोच्या पुढे भरते. तिच्यामुळे आवाजाला धार येते आणि स्वर दूरवर जातो. टोन रिंग दोन प्रकारची असते. फ्लॅटहेडमध्ये पुडी काठापर्यंत सपाट राहते, आवाज भरदार आणि खर्जाकडे झुकलेला. आर्चटॉपमध्ये पुडी आतल्या उंचवट्यावर टेकते, त्यामुळे थरथरणारा भाग लहान होतो आणि आवाज टोकदार लागतो. ब्लूग्रासमध्ये फ्लॅटहेडलाच मागणी जास्त. स्वस्त वाद्यांत टोन रिंग नसतेच, किंवा पितळेची पातळ कडी असते. शिकायला तीही चालते, पण टोन रिंग असलेल्या बँजोची किंमत तिच्यासाठी देऊ नका.

कड्याभोवती फ्लँज, म्हणजे धातूची पट्टी, आणि फ्लँजला अडकलेले हूक, बहुधा २४. हूक खाली खेचतात, पुडीच्या काठावर बसलेलं वरचं कडं दाबलं जातं, पुडी ताणते. तबल्याच्या वादीचं काम इथं नट-बोल्ट करतात.

आता तपासणी. रेझोनेटर चार स्क्रूंनी बसलेला असतो. ते हाताने फिरवून निघतात. रेझोनेटर काढून आतून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. रिमचे थर सुटलेत का, भेग आहे का, दांडी जिथं रिमला भिडते तिथं फट आहे का, हे सगळं आतूनच दिसतं. कागदाची पट्टी घेऊन दांडीच्या टाचेच्या सांध्यात सरकवून बघा. कागद आत शिरत असेल तर सांधा घट्ट बसलेला नाही.

वरच्या कड्याचा व्यास दोन दिशांनी मोजा. एकदा दांडीच्या रेषेत, एकदा आडवा. दोन्ही मापं जुळली पाहिजेत. आत दांडीपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या एक किंवा दोन धातूच्या दांड्या असतात. तारा उंच वाटल्या की काही जण त्या दांड्यांचे नट पिळून तारा खाली आणतात. थोडं पिळलं तर ठीक, पण फार पिळलं की रिम अंड्यासारखी लांबट होते. पुढे ते दुखणं कायमचं.

फ्लँज हुकांच्या ताणाने वर ओढली गेली आहे का, तेही बघा. जुन्या गिब्सनच्या एकसंध फ्लँज जस्ताच्या मिश्रधातूच्या होत्या, त्या वाकतात, तडकतात. दोन हुकांच्या मधल्या जागी लाटेसारखी वळणं दिसली तर सावध व्हा.

माझ्या पहिल्या बँजोचा रेझोनेटर मी उघडलाच नव्हता. विक्रेता म्हणाला, "उघडायची काय गरज, कंपनीचाच आहे." मी भिडस्तपणे मान डोलावली. घरी आल्यावर उघडला तर रिमचे थर बोटभर लांब सुटलेले. भिडेपोटी एकदा झालेलं हे नुकसान मला चार वर्षं टोचत राहिलं, म्हणूनच रेझोनेटर उघडून बघायचं एवढ्या आग्रहाने सांगतो आहे.

दांडी कशी तपासायची?

तिसरी तार पहिल्या पडद्यावर आणि अगदी शेवटच्या, बहुधा बाविसाव्या, पडद्यावर एकाच वेळी दाबा. मग सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यात किती जागा राहते ते बघा. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट योग्य. अजिबात फट नसेल तर दांडी मागे वाकली आहे. जाड पुठ्ठा सरकत असेल तर पुढे झुकली आहे. दांडीत ट्रस रॉड, म्हणजे बाक सुधारणारी आतली धातूची सळई, असेल तर हे सुधारता येतं. ती असल्याची खूण म्हणजे दांडीच्या डोक्यावरची छोटी झाकणी. विक्रेत्याला झाकणी काढून नट दाखवायला सांगा. नट पूर्ण आवळलेला असूनही दांडी वाकलेलीच असेल तर सौदा सोडा.

बाराव्या पडद्यावर तारेची उंची साधारण ३ मिलिमीटर असावी. इथं एक गोष्ट खास लक्षात ठेवा. उंची ठीक दिसते म्हणून खूश होऊ नका, आधी घोडी मोजा. ब्लूग्रासची घोडी सहसा ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर उंच. ती १३ मिलिमीटरची निघाली तर दांडीचा कोन बिघडलेला असण्याची आणि बुटकी घोडी लावून तो झाकलेला असण्याची शक्यता आहे.

पडदे झिजून तारांखाली खाचा पडल्यात का, ते बोट फिरवून बघा. बारीक खाचा घासून निघतात. खोल असतील तर पडदे बदलावे लागतील आणि ते काम गिटारच्या चांगल्या कारागिराचंच. पेटी दुरुस्त करणारे आपल्याकडचे उस्ताद आपल्या कामात तरबेज आहेत, पण पडदे बसवणं ही वेगळी विद्या आहे.

मग एकेक तार, एकेक पडदा सावकाश वाजवा. बावीस पडदे, पाच तारा. दहा मिनिटं लागतात. कुठे खरखरतंय, कुठे स्वर मरतोय, ते दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने कळत नाही.

बाराव्या पडद्यावर स्वर चढा लागतो. वाद्य बेसूर आहे का?

बहुतेक वेळा नाही. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. कुणी वाद्य पुसताना ती सरकली की सगळा सूर बिघडतो. वरच्या नटपासून (बोल्टचा नट नव्हे, दांडीच्या डोक्याशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवं. नटपासून घोडीपर्यंतच्या नेहमीच्या २६¼ इंची मापात ते ३३ सेंटिमीटरच्या थोडं पुढे भरतं. घोडी जागेवर आणा, मग ठरवा. हे माहीत नसल्यामुळे चांगला बँजो 'बेसूर' म्हणून कमी किमतीत विकणारेही भेटतात.

पुडी सैल आहे, मळलेली आहे. नको म्हणू का?

पुडीसाठी वाद्य नाकारू नका. आजची पुडी मायलर प्लॅस्टिकची असते, ती बदलता येते. सैल पुडीचा आवाज बद्द येतो, तेवढ्यावरून वाद्याची पारख करू नका.

विक्रेता हरकत घेत नसेल तर तारा तळहाताने दाबून ठेवा आणि पुडीवर टिचकी मारा. पेटीवर काळी चार ज्या स्वरात बोलते, त्याच्या जवळपासचा टणक नाद आला तर ताण ब्लूग्रासला साजेसा आहे. ताण वाढवायचा असेल तर तबला लावतो तसाच, समोरासमोरचे नट थोडे थोडे फिरवत, गोल फिरून पुन्हा. एका बाजूने आवळत गेलात तर कडं तिरकं होतं आणि एखाद दिवशी पुडी 'फट्' करून जाते.

अगदी जुन्या बँजोवर वासराच्या कातड्याची पुडी सापडते. आवाज गोड, पण तिचा स्वभाव आपल्या हलगीसारखा. पावसाळ्यात ढिली पडणार, हलगीला शेक द्यावा तसं हिला सारखं बघावं लागणार. वाजवण्यासाठी मायलरच घाला, कातड्याची जपून ठेवा.

'१९३० च्या दशकातला गिब्सन' अशी जाहिरात आहे. खरं मानू का?

महायुद्धापूर्वीचा, मूळ पाच तारांच्या दांडीचा फ्लॅटहेड गिब्सन ही जगातल्या बँजोवाल्यांची सर्वांत मोठी आस आहे. ते थोडेच बनले, कारण त्या काळात मागणी जॅझच्या टेनर बँजोला होती. आज अशा वाद्याची किंमत घराच्या किमतीशी बरोबरी करते. म्हणून ते आपल्याकडे जाहिरातीत सहज मिळेल, ही आशा धरू नका.

मिळण्याची शक्यता जास्त आहे ती बदललेल्या वाद्याची. गिब्सनमध्ये आरबी म्हणजे रेग्युलर बँजो, पाच तारांचा. टीबी म्हणजे टेनर. अनेक जुन्या टीबींचे पॉट तसेच ठेवून त्यांना नंतर पाच तारांची नवी दांडी बसवलेली आहे. हे उघडपणे सांगितलेलं असेल तर त्यात गैर काही नाही. आवाज पॉटचा, तो जुनाच. फक्त किंमत मूळ वाद्याची देऊ नका. युद्धापूर्वीच्या गिब्सनवर कारखान्याच्या तुकडीचा क्रमांक रिमच्या आत आणि रेझोनेटरमध्ये टाकलेला असतो. दोन्हीकडचे आकडे जुळतात का बघा. डोक्यावरचं नाव आणि शिंपल्याची नक्षी यांना पुरावा मानू नका, त्या गोष्टी कुणीही बसवू शकतो.

अलीकडच्या गिब्सनबद्दल एवढंच सांगतो. मे २०१० मध्ये नॅशव्हिलला मोठा पूर आला, त्यात त्यांचा बँजोचा कारखाना बुडाला आणि पुढे बरीच वर्षं काम बंद राहिलं. त्यामुळे बाजारात दिसणारा गिब्सन बँजो बहुधा जुनाच असतो.

मग सामान्य माणसाने कुठली नावं बघावीत?

डीअरिंग ही १९७५ पासूनची कॅलिफोर्नियाची कंपनी. त्यांचा गुडटाइम साधा, प्रामाणिक बांधणीचा आणि हलका असतो, आणि जुना घेतला तरी क्वचितच दगा देतो. गोल्ड टोन आणि रेकॉर्डिंग किंग यांचे टोन रिंगवाले बँजो मिळाले तर जरूर बघा, किमतीच्या मानाने भरपूर देतात.

१९७० च्या दशकातले जपानी बँजो मला फार आवडतात. इबानेझ, आरिया, कासुगा ही त्यांतली नावं. गिब्सनची नक्कल होती, पण नक्कल करणारे हात कसबी होते. वरच्या श्रेणीतल्या वाद्यांत ओतीव टोन रिंगही सापडते. माझा आत्ताचा बँजो याच पिढीतला आहे.

त्याच काळातले ॲल्युमिनियमच्या ओतीव पॉटचे स्वस्त बँजोही फिरत असतात. रिम आणि फ्लँज एकाच तुकड्यात, रंग चांदीसारखा. आवाज मोठा पण पातळ. कुणी मामुली पैशांत देत असेल तर हात बसवायला घ्या, त्याहून जास्त मोजू नका.

वाद्य पुण्यात, मी हिंगोलीत. न बघता घ्यावं का?

शक्यतो जा. एक दिवस आणि प्रवासखर्च गेला तरी परवडतो. जमतच नसेल तर व्हिडिओ कॉल करा आणि आधी सांगून ठेवा की रेझोनेटर काढून ठेवायचा. कॉलवर वर लिहिलेलं सगळं करून घ्या. घोडीशेजारी पट्टी धरून फोटो, बाराव्या पडद्याशी पट्टी धरून फोटो, टाचेचा सांधा जवळून, सगळे पडदे वाजवून. मनात काळंबेरं नसलेला विक्रेता याला कंटाळत नाही. टाळाटाळ सुरू झाली की थांबा, आणि आगाऊ रक्कम तर कुणालाच पाठवू नका.

एखाद्या ओळखीच्या गिटारवाल्याला तिथं पाठवता आलं तर फारच उत्तम. बँजो येत नसला तरी वाकलेली दांडी आणि झिजलेले पडदे त्याला कळतात.

पार्सलने मागवताना काय सांगायचं?

घोडी काढून वेगळी गुंडाळायला सांगा. तारा सैल करायच्या, पण पूर्ण सोडायच्या नाहीत. शेपूट आणि पुडी यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी ठेवायची. पुडीचा ताण सोडायचा नाही. बँजो कडक पेटीतच हवा. पेटीत डोक्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी कागदाचे बोळे भरायचे, कारण पार्सल आपटलं की डोकंच मोडतं. पेटी पुन्हा खोक्यात, भोवती भरपूर भराव. आल्यावर खोकं उघडतानाच व्हिडिओ करा.

भाचा अमेरिकेत आहे. त्याच्याकडून मागवू का?

तो सुट्टीत येतानाच सोबत आणू दे. कुरिअरने मागवलं की सीमाशुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागतं, आणि बँजो जड असल्याने वाहतूकच भारी पडते. सोबत आणतानाही बिल जवळ ठेवायला सांगा, आणि निघण्याआधी सामानाचे त्या वेळचे नियम बघायला सांगा.

एक खबरदारी जुन्या वाद्यांबद्दल. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार करारात सर्वांत कडक यादीत आहे. पटलावर, म्हणजे दांडीवरच्या पडद्यांच्या पट्टीवर, ते लाकूड असेल तर कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडू नये. मेपल, अक्रोड, महोगनी आणि एबनीचं नवं वाद्य घेतलं तर ही काळजी कमी.

लेकरू बारा वर्षांचं आहे. चालेल का?

चालेल, पण वजन बघा. पूर्ण टोन रिंगचा ब्लूग्रास बँजो पाच किलोच्या आसपास भरतो. लहान खांद्याला तो तासभर पेलत नाही. टोन रिंग नसलेला हलका बँजो द्या, रुंद पट्टा लावा आणि बसून वाजवू द्या. हाताला दोन धातूच्या नख्या आणि अंगठ्याला एक प्लॅस्टिकची लागते. सुरुवातीला बोटं कुरकुरतात, दोन आठवड्यांत सवय होते.

आपल्या उन्हाळ्यात हे वाद्य टिकतं का?

टिकतं, काळजी घेतली तर. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा त्याच्या निम्म्यावरही येते. मग दांडीचं लाकूड आखडतं आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात तळवा ओरखडला तेव्हा मला वाटलं वाद्यच खराब झालं. पावसाळ्यात ती टोकं बरीचशी आत गेली.

वाद्य पेटीत ठेवा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती डबी पेटीत, दांडीच्या बाजूला ठेवा. पाणी आरओचं वापरा, बोअरचं नको. बोअरच्या पाण्यातले क्षार डाग पाडतात. कूलरच्या झोतात वाद्य मुळीच ठेवू नका. दुपारी कोरडी हवा आणि रात्री कूलरचा दमट झोत, असं रोज झालं की लाकूड रोज फुगतं आणि रोज आकसतं, त्यातच रिमचे थर सुटतात. बंद गाडीत, पत्र्याच्या खोलीत, एसटीच्या टपावर हे वाद्य कधीच नको.

जूनमध्ये पाऊस लागला की एकदा तारांची उंची आणि पुडीचा नाद पुन्हा तपासा. दोन्ही बदललेले असतात.

तारा कुठून आणायच्या?

बँजोच्या तारांच्या टोकाला गिटारसारखा मणी नसतो, फासा असतो. संच ऑनलाइन मिळतात, एका वेळी तीन-चार घेऊन ठेवा. ऐनवेळी तुटली तर गिटारची सुटी तार चालते. टोकाचा मणी पकडीने जपून चेपून काढला की फासा उरतो. पहिली आणि पाचवी .०१०, दुसरी .०१२, तिसरी .०१३ किंवा .०१४, चौथी गुंडाळीची .०२०, एवढे जाडीचे आकडे (इंचांत) वहीत लिहून ठेवा.

सूर कसा लावायचा? इंग्रजी स्वरनावं कळत नाहीत.

पेटीवर पांढरी पाच हा सा धरा. तिसरी तार सा. चौथी तार मंद्र पंचम. दुसरी शुद्ध गंधार. पहिली मध्य सप्तकातला पंचम. पाचवी, आखूड तार, तार सप्तकातला सा. झालं.

ज्यांनी सतार जवळून पाहिली आहे, त्यांना ही पाचवी तार चिकारीच वाटेल, आणि तिचं काम खरोखर तसंच आहे. स्वर कुठेही फिरोत, वरचा सा मधून मधून टणत्कारत राहतो. खरेदीच्या वेळी पाचवी खुंटी फिरवून बघा. दातेरी चाकाची असेल तर सूर अलगद लागतो. नुसत्या घर्षणावर धरणारी असेल तर निसटते. ती बदलता येते, तेवढे पैसे सौद्यात कमी करून घ्या.

मी डावखुरा आहे. उजव्या हाताचा बँजो तारा उलट्या लावून वाजवता येईल का?

नाही. पाचवी खुंटी दांडीच्या एकाच बाजूला बसवलेली असते, तारा उलटवून ती पलीकडे जात नाही. डावखुऱ्यांसाठी वेगळी दांडी लागते आणि जुन्या बाजारात ती फार दुर्मिळ. मी ओळखतो त्या दोन डावखुऱ्यांनी उजव्या हाताच्याच बँजोवर शिकायला सुरुवात केली आणि दोघंही छान वाजवतात.

सगळं ठीक आहे. आता किंमत कशी ठरवू?

त्याच मॉडेलचा नवा बँजो कितीला मिळतो ते आधी बघा. मग दोष लिहून काढा आणि प्रत्येकाचा खर्च विक्रेत्यासमोर मांडा. पुडी, तारा, पडदे, खुंटी, पेटी नसेल तर पेटी. आवाज चढवू नका, वाद्याला नावं ठेवू नका. विकणाऱ्यानेही ते कधीतरी मनापासून घेतलेलं असतं. आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सगळे नट फिरवायला बसू नका. आठवडाभर आहे तसं वाजवा, काय खटकतं ते लिहून ठेवा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला.